गोल्फसाठी डोळ्यांची तयारी : नव्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक

गोल्फ शिकायला लागलेला खेळाडू क्लबची (चेंडू मारायच्या काठीची) निवड, तिची पकड आणि स्विंग (ती फिरवण्याची पद्धत) यांवर पहिल्या दिवसापासून मेहनत घेतो. डोळ्यांचा विचार मात्र मारलेला चेंडू आकाशात हरवू लागला किंवा खेळ संपेपर्यंत डोळे लाल होऊ लागले, म्हणजे मग सुचतो. तो आधी व्हायला हवा. रोजच्या कामासाठी बनवलेला चष्मा कितीही चांगला असला तरी गोल्फच्या मैदानावर तो अनेकदा अडचणीचा ठरतो आणि त्यातून होणाऱ्या चुका खेळाडू आपल्या स्विंगच्या नावावर जमा करत राहतो. पुढे तपासणी, चष्मा, ऊन, कोरडेपणा आणि नजरेचा सराव अशा क्रमाने माहिती दिली आहे. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण नंबरच चुकीचा असेल तर सरावाने हाती फारसे काही लागत नाही.

गोल्फमध्ये डोळ्यांना काय काम पडते

नियमानुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याचा, म्हणजे होलचा, व्यास १०८ मिलिमीटर असतो. दीडशे मीटरवर गेलेला चेंडू डोळ्याशी सुमारे एक आर्क मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचणाऱ्या माणसाला जेवढा बारीक तपशील वेगळा ओळखता येतो, तोही एवढाच असतो. गडद झाडीसमोरून जाणारा पांढरा चेंडू त्याहून दूरही ठिपक्यासारखा दिसत राहतो, पण फिकट ढगाळ आकाशासमोर तोच चेंडू बराच अलीकडे दिसेनासा होतो. म्हणजे या खेळात नजर तिच्या क्षमतेच्या काठावर वापरली जाते, आणि घरात वावरताना ज्याची जाणीवही होत नाही असा अर्ध्या नंबरचा फरक येथे चेंडू सापडणे आणि हरवणे यांत दिसून येतो.

दुसरी गोष्ट अंतरांची. स्कोअरकार्ड डोळ्यांपासून साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरले जाते, पायाशी ठेवलेला चेंडू सुमारे दीड मीटरवर असतो आणि होलमधला झेंडा शंभर-दोनशे मीटरवर असतो. तरुण डोळ्यातील लवचिक भिंग ही तिन्ही अंतरे आपोआप सांभाळते. चाळिशीच्या आसपास ते कडक होऊ लागते आणि जवळचे दिसण्यासाठी वेगळा नंबर लागतो. गोल्फ खेळणाऱ्यांपैकी अनेक जण हा खेळ चाळिशीनंतरच सुरू करतात, त्यामुळे ही अडचण त्यांच्या वाट्याला पहिल्याच महिन्यात येते.

पायरी पहिली : नीट तपासणी करून घेणे

नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी घरी एक काम करावे. पटिंगच्या, म्हणजे होलजवळ चेंडू हळूच लोटण्याच्या, पवित्र्यात उभे राहून डोळ्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे, मग पूर्ण स्विंगच्या पवित्र्यातही ते मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून न्यावेत. नेहमीच्या तपासणीत दूरचे आणि वाचनाचे अशी दोनच अंतरे तपासली जातात. मधल्या अंतराबद्दल आपण स्वतःहून सांगितले नाही तर त्याचा विचार बहुधा होत नाही. आपण गोल्फ खेळतो, उजव्या हाताने खेळतो की डाव्या, कोणत्या वेळी खेळतो आणि खेळताना नेमकी कोणती तक्रार जाणवते, हेही स्पष्ट सांगावे.

सौम्य लघुदृष्टी येथे विशेष फसवी असते. उणे अर्धा नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय दोन मीटरपर्यंतचे अगदी स्पष्ट दिसते. पायाशी ठेवलेला चेंडू, त्याच्यावरील छाप आणि गवताची पाती सगळे नीट दिसत असल्यामुळे नजरेत काही दोष असेल अशी शंकाही येत नाही, आणि तोच चेंडू मारल्यानंतर मात्र सापडत नाही. सिलिंड्रिकल नंबरचेही तसेच आहे. तो अर्धवट दुरुस्त केलेला असेल तर झेंड्याची काठी आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडा किंचित पसरट दिसतात आणि अंतराचा अंदाज डळमळतो. म्हणून जुना नंबर चालून जातो असे मानू नये.

तक्त्यावरची अक्षरे काळीभोर आणि पार्श्वभूमी पांढरीशुभ्र असते. मैदानावर उजळ-गडद यांतील अशी ठळक विषमता (कॉन्ट्रास्ट) क्वचितच मिळते. ग्रीनवरचा उतार छायेतील बारीक फरकांवरून वाचायचा असतो. त्यामुळे ज्यांना अक्षरे वाचता येतात पण संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत खेळताना सारे सपाट आणि धुरकट वाटते, त्यांनी विषमता ओळखण्याची वेगळी चाचणी करून घ्यावी. सुरुवातीचा मोतीबिंदू बऱ्याचदा आधी याच क्षमतेवर परिणाम करतो आणि अक्षरे वाचण्याची ताकद नंतर कमी होते. काचबिंदूमुळे बाजूची नजर हळूहळू, कोणतीही वेदना न होता कमी होत जाते, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल यांची तपासणी नंबरइतकीच आवश्यक मानावी.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. रक्तातील साखर फार वरखाली होत असताना डोळ्यांचा नंबर तात्पुरता सरकतो आणि त्या दिवसांत बनवलेला चष्मा साखर आटोक्यात आल्यावर जुळत नाही. साखर स्थिर झाल्यावरच नवा नंबर काढावा. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर पुढचे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते, त्यामुळे त्या दिवशी खेळ ठेवू नये.

पायरी दुसरी : मैदानासाठी योग्य चष्मा

माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. चाळिशीनंतर बहुतेक जण बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतात. त्याच्या काचेचा खालचा भाग वाचनासाठी असतो आणि गोल्फमध्ये चेंडूकडे पाहताना नजर नेमकी त्याच भागातून जाते. वाचनाचा अधिकचा नंबर दोन असेल तर त्या भागातून पन्नास सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, चेंडू मात्र दीड मीटरवर असतो. तो धूसर दिसतो, किंचित मोठा दिसतो आणि बायफोकलच्या रेषेवर नजर गेली की जागचा हललेला भासतो. खेळाडू नकळत हनुवटी छातीकडे ओढून काचेच्या वरच्या भागातून पाहू लागतो. त्यामुळे मान आखडते, खांद्यांना वळायला जागा उरत नाही आणि स्विंग बिघडतो. प्रशिक्षक पवित्रा सुधारत राहतो, पण मूळ कारण काचेत असते.

प्रोग्रेसिव्ह काचेत रेषा नसली तरी तिच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वाकडी दिसणारे पट्टे असतात. पटिंग करताना मान खाली ठेवून होलकडे डोळे तिरपे वळवले की नजर याच पट्ट्यांतून जाते आणि सरळ रेषा वाकलेली दिसते. रोजच्या वापरात मेंदू हे सवयीने दुरुस्त करून घेतो, पण दोन मीटरच्या पटमध्ये (पटिंगच्या फटक्यात) एखाद्या अंशाची चूकही चेंडू होलच्या कडेवर नेऊन ठेवते.

यावर पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे खेळासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा बनवणे. दूरच्या नंबरमधून दीड मीटरवरचा चेंडू पाहण्यासाठी डोळ्याला साधारण दोन-तृतीयांश डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचे एकक) एवढाच जोर द्यावा लागतो, आणि पन्नाशीतल्या बहुतेकांना तो जमतो. साठीनंतर चेंडू थोडा मऊ कडांचा दिसू शकतो. तेव्हा मोजून नेलेले अंतर तज्ज्ञाला दाखवावे, म्हणजे दूरची स्पष्टता फारशी न बिघडवता पाव डायॉप्टरची तडजोड करता येते का हे तपासता येईल. हा बदल चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घालून, पवित्रा घेऊन आणि मग खिडकीबाहेर दूरवर पाहून पारखावा. स्कोअरकार्ड वाचण्यासाठी खिशात छोटा वाचनाचा चष्मा ठेवला की काम भागते.

ज्यांना दोन चष्मे सांभाळणे त्रासाचे वाटते त्यांच्यासाठी गोल्फसाठीची बायफोकल काच बनवता येते. तिच्यात वाचनाचा लहानसा गोल भाग एकाच काचेच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात बसवलेला असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो उजव्या काचेत आणि डाव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या काचेत घेता येतो, कारण चेंडूकडे पाहताना त्या कोपऱ्यातून नजर जात नाही. वाचायचे असेल तेव्हा कार्ड त्या बाजूला धरावे लागते. ही काच प्रत्येक दुकानात लगेच मिळेलच असे नाही, पण मागणी नीट समजावून सांगितल्यास ती बनवून घेता येते.

फ्रेम निवडताना आरशात पाहण्याआधी दुकानातच पटिंगचा पवित्रा घ्यावा. खालची कड चेंडूच्या आड येते का आणि मान वळवून होलकडे पाहताना जाड दांडी दृष्टीच्या मध्ये येते का, या दोन गोष्टी तपासाव्यात. खूप बाकदार, चेहऱ्याला वेढणाऱ्या फ्रेम वाऱ्यापासून उत्तम संरक्षण देतात, मात्र मोठा नंबर असेल तर त्यांतील काचा त्या बाकाचा हिशेब करूनच घडवाव्या लागतात; तसे केले नाही तर जमीन कललेली वाटते. चष्मा वाकल्यावर घसरत असेल तर नाकावरील पॅड आणि कानामागचा बाक बसवून घ्यावा. घसरलेल्या चष्म्यातून प्रत्येक वेळी काचेच्या वेगळ्या भागातून पाहिले जाते आणि चेंडूची जागा दर वेळी थोडी वेगळी भासते.

काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या मजबूत प्लास्टिकची घ्यावी. सुमारे ४६ ग्रॅमचा कठीण चेंडू डोळ्याच्या खोबणीत शिरू शकेल इतका लहान असतो. अशा दुखापती क्वचित होतात, पण होतात तेव्हा डोळा गमावण्याइतक्या गंभीर असतात. साधी काच फुटून तिचे तुकडे डोळ्यात जाण्याचा धोका या दोन्ही प्रकारांत बराच कमी असतो. ओरखडे टाळणारा थर आणि काचेच्या आतल्या बाजूला परावर्तनरोधक थर घ्यावा, कारण सूर्य पाठीमागे असताना आतल्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड थेट डोळ्यात येतो.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि शस्त्रक्रियेविषयी

कॉन्टॅक्ट लेन्समुळे बाजूचे दृश्य मोकळे राहते, पावसात थेंबांचा त्रास होत नाही आणि कोणताही गॉगल वर घालता येतो. नव्या खेळाडूने रोज बदलायच्या लेन्स घेणे चांगले, कारण धूळ, परागकण आणि घाम यांचा साठा त्यांवर राहत नाही. एका डोळ्याला दूरचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देण्याची मोनोव्हिजन पद्धत वाचनाच्या दृष्टीने सोयीची असली तरी दोन डोळ्यांनी मिळणारी खोलीची जाणीव तिच्यामुळे कमी होते, म्हणून गोल्फसाठी ती मला योग्य वाटत नाही. मल्टिफोकल लेन्समध्ये विषमता थोडी घटते; ज्यांना ग्रीन वाचणे आधीच कठीण जाते त्यांनी त्या काही दिवस वापरून पाहिल्यानंतरच निर्णय घ्यावा. लेन्स पाण्याने धुऊ नयेत, त्या घालून झोपू नये आणि लाल झालेल्या डोळ्यात त्या घालू नयेत. हे तीनही नियम संसर्ग टाळण्यासाठी आहेत आणि त्यांत सवलत घेण्यासारखे काही नाही.

टायगर वूड्स यांनी १९९९ मध्ये लेसर शस्त्रक्रिया करून घेतल्यापासून अनेक गोल्फपटूंना तिचे आकर्षण वाटत आले आहे. त्यांनी २००७ मध्ये ती पुन्हा करून घेतली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी नंबर किमान वर्षभर स्थिर असावा लागतो, नंतर काही महिने डोळे कोरडे राहू शकतात आणि वयानुसार येणारी चाळिशी तिच्यामुळे टळत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणार असाल तर भिंग निवडण्यापूर्वी आपण गोल्फ खेळतो हे सर्जनला अवश्य सांगावे. मल्टिफोकल भिंगामुळे चष्म्यावरचे अवलंबन कमी होते, पण दिव्यांभोवती वलये दिसणे आणि विषमता कमी होणे हे त्याचे तोटे आहेत; एकाच अंतरासाठीचे भिंग दूरवर बसवून कार्ड वाचायला चष्मा लावणे अनेक खेळाडूंना अधिक मानवते.

पायरी तिसरी : ऊन आणि चकाकी

गोल्फचा पूर्ण डाव चार-पाच तास चालतो आणि त्यातील बहुतेक वेळ उघड्यावर जातो. अतिनील किरणांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढही होऊ शकते. गवतावरून हे किरण थोडेच परत येतात, बंकरमधील, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातील, कोरड्या वाळूवरून मात्र साधारण पंधरा टक्के परततात. पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली येतात, त्यामुळे ऊन दिसत नाही म्हणून गॉगल बॅगेत ठेवणे बरोबर नाही.

गॉगल घेताना ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात याची खात्री करून घ्यावी; यूव्ही ४०० अशी खूण त्यासाठीच असते. काचेचा गडदपणा ही वेगळी बाब आहे. किरण न अडवणारी गडद काच विशेष घातक ठरते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अधिक किरण आत जातात. गडदपणाच्या शून्य ते चार अशा श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीतून ८ ते १८ टक्के आणि दुसऱ्या श्रेणीतून १८ ते ४३ टक्के प्रकाश आत येतो. भर उन्हात तिसरी आणि सकाळ-संध्याकाळ किंवा झाडांच्या सावलीतून जाणाऱ्या मैदानावर दुसरी श्रेणी सोयीची पडते. चौथी श्रेणी गोल्फसाठी फार गडद आहे आणि ती लावून वाहन चालवणेही योग्य नाही.

रंगाबाबत प्रत्येकाची आवड वेगळी असली तरी सुरुवात तपकिरी किंवा तांबूस छटेपासून करावी असे मी सुचवेन. या छटा निळा उजेड कमी करतात, त्यामुळे आकाशासमोरचा पांढरा चेंडू उठून दिसतो आणि गवतातील हिरव्या छटांमधला फरक कळतो. राखाडी काच रंग जसेच्या तसे ठेवते आणि डोळ्यांना शांत वाटते, पण ग्रीन वाचायला तिची विशेष मदत होत नाही. पोलराइज्ड काचेबद्दल खेळाडूंमध्ये दोन मते आहेत. पाण्यावरची चकाकी ती उत्तम घालवते. मात्र ग्रीनवरच्या गवताचा कल ओळखण्यासाठी त्या गवतावरची चमकच उपयोगी पडते. गवत आपल्यापासून दूर झुकलेले असेल तर ते उजळ दिसते आणि आपल्याकडे झुकलेले असेल तर गडद दिसते, आणि पोलराइज्ड काच ही खूण पुसट करू शकते. म्हणून ती घेण्यापूर्वी ग्रीनवर एकदा लावून आणि काढून पाहावे. ऊनसावलीनुसार रंग बदलणाऱ्या काचा सोयीच्या असतात. त्या लवकर गडद होतात, पण पुन्हा फिकट व्हायला काही मिनिटे घेतात आणि कडक उष्णतेत पुरेशा गडद होत नाहीत.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. गॉगल लावून पटिंग करायचे की काढून, हे एकदा ठरवावे आणि प्रत्येक ग्रीनवर तसेच करावे. गॉगल काढून पटिंग करायचे असेल तर ग्रीनकडे चालत येतानाच तो काढावा, म्हणजे उतार वाचायला सुरुवात करेपर्यंत डोळे उजेडाला सरावतात. टोपीची झडप रुंद असावी आणि तिची खालची बाजू गडद रंगाची असावी. फिकट रंगावरून गवताचा उजेड डोळ्यात परततो.

पायरी चौथी : कोरडेपणा, घाम आणि परागकण

माणूस साधारणपणे मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण बरेच घटते, त्यात वाऱ्याने अश्रूंचा थर सुकतो आणि नजर क्षणाक्षणाला धूसर-स्पष्ट होऊ लागते. पापण्या मिटल्यावर लगेच स्पष्ट दिसत असेल तर दोष बहुधा नंबरचा नसून कोरडेपणाचा असतो. प्रत्येक फटक्यापूर्वीच्या ठरलेल्या क्रमात दोन-तीन वेळा पूर्ण पापण्या मिटण्याची भर घालावी. चेंडूजवळ उभे राहण्याआधी, मागून दिशा ठरवून झाल्यावर हे केले तर ते खेळाच्या लयीत बसते.

त्रास होत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब डाव सुरू होण्यापूर्वी आणि मधल्या विश्रांतीत घालावेत. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घ्यावेत. लाली घालवणारे थेंब वारंवार वापरू नयेत, कारण त्यांचा परिणाम ओसरला की डोळे पूर्वीपेक्षा अधिक लाल होतात. कापलेल्या गवताने आणि परागकणांनी डोळे खाजत असतील तर ते चोळण्याऐवजी थंड पाण्याने धुवावेत आणि अ‍ॅलर्जीवरचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावेत. स्टेरॉइडचे थेंब झटपट आराम देतात, पण देखरेखीशिवाय ते चालू ठेवल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू होऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा आणू नयेत. अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांमुळेही डोळे कोरडे पडतात, हे डॉक्टरांशी बोलताना विचारून घ्यावे.

सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरते. कपाळावर आणि डोळ्यांभोवती कांडीच्या स्वरूपातील, झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन लावावे आणि टोपीच्या आत घाम टिपणारी पट्टी असावी. मैदानावर खते आणि कीटकनाशके फवारलेली असतात, त्यामुळे चेंडू हाताळल्यावर हात न धुता डोळ्यांना किंवा लेन्सला स्पर्श करू नये. चेंडू थुंकीने पुसण्याची सवय तर सोडूनच द्यावी.

पायरी पाचवी : नजरेचा सराव

डोळ्यांच्या व्यायामाने चष्म्याचा नंबर उतरतो असे दावे सर्रास केले जातात. नंबर हा डोळ्याच्या लांबीवर आणि वक्रतेवर ठरतो आणि बुबुळे फिरवून तो बदलत नाही. मात्र आहे ती नजर कोठे आणि किती वेळ ठेवायची, हे शिकता येते आणि गोल्फमध्ये त्याचा खरा लाभ आहे.

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी पटिंग करताना खेळाडूंची नजर कोठे जाते याचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंची नजर कमी ठिकाणी फिरत होती आणि चेंडूवर अधिक वेळ स्थिर राहत होती. पुढे ही संकल्पना ‘क्वाएट आय’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सरावासाठी ती अशी वापरावी. होलपासून चेंडूपर्यंतची रेषा नजरेने एक-दोनदा सावकाश आखावी. मग चेंडूच्या मागच्या भागावरचा एक ठिपका किंवा अक्षर निवडून त्यावर दोन-तीन सेकंद नजर रोखावी, त्याच अवस्थेत पटर (पटिंगचा क्लब) हलवावा आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर नजर त्या रिकाम्या जागेवरच ठेवावी. चेंडू होलमध्ये गेला की नाही हे आवाजावरून कळू द्यावे. सुरुवातीला एक मीटरच्या पटवर हे करावे आणि अंतर नंतर वाढवावे.

पूर्ण स्विंगमध्ये चेंडूवर नजर ठेवण्याचा उपदेश सर्वांनाच ऐकायला मिळतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो, तो कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. या उपदेशाचा उपयोग डोके स्थिर राहावे एवढ्यासाठी आहे. फटक्यानंतर मान शरीराबरोबर सहज वळू द्यावी. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारा करणाऱ्या क्लबने, जोरात मारलेला चेंडू सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने निघतो आणि डोळ्यांना त्याचा सलग पाठलाग करता येत नाही; म्हणून नजर आधीच दिशेच्या रेषेवर थोडी वर नेऊन चेंडू तिथे येण्याची वाट पाहावी. तो जमिनीवर कोठे पडला ते एखाद्या झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेत लक्षात ठेवावे. शोधायला फक्त तीन मिनिटे मिळतात. पिवळ्या किंवा इतर ठळक रंगाचा चेंडू वापरायला नियमांची आडकाठी नाही आणि नव्या खेळाडूने तो संकोच न करता वापरावा.

प्रभावी डोळा कोणता हेही जाणून घ्यावे. दोन्ही हात पुढे ताठ करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू फटीतच राहते तो प्रभावी डोळा. त्यानंतर पटिंगच्या पवित्र्यात नाकाच्या वरच्या टोकाजवळून, दोन डोळ्यांच्या मधून, दुसरा चेंडू खाली सोडावा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत, म्हणजे पायांच्या बाजूला पडावा. तो बाहेरच्या बाजूला पडत असेल तर चेंडूची जागा बदलून पाहावी. मग जमिनीवर सुतळी ताणून, तिच्यावर चेंडू ठेवून, आपल्याला सरळ वाटणारी दिशा खरोखर सरळ आहे का हे जोडीदाराकडून मागून पाहून घ्यावे. दोषाचे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते, परंतु एका व्यक्तीत ते बहुधा एकाच दिशेला असते, म्हणून ते ओळखले की दुरुस्तही करता येते.

दूरच्या अंतराच्या अंदाजात दोन डोळ्यांच्या फरकातून मिळणारी खोलीची जाणीव फारशी उपयोगी पडत नाही. तिथे वस्तूंचे आकारमान, छाया आणि मधल्या जमिनीचा पोत यांवर मेंदू विसंबतो. म्हणूनच एका डोळ्याची दृष्टी गेलेला खेळाडूही उत्तम खेळू शकतो. पहिल्या महायुद्धात डाव्या डोळ्याची दृष्टी गमावलेले टॉमी आर्मर यांनी १९२७ मध्ये यूएस ओपन आणि १९३१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. अंदाज अवघड जात असेल तर लेसर अंतरमापक वापरता येतो, स्पर्धेच्या स्थानिक नियमाने बंदी नसेल तर तो चालतो, फक्त उतार मोजण्याची सोय बंद ठेवावी लागते. त्याच्या डोळा लावायच्या टोकाशी नंबर जुळवणारे कडे असते. ते फिरवून आतील आकडे स्पष्ट करून घ्यावेत. दृष्टी फारच कमी असलेल्यांसाठी २०२३ पासून नियम २५ मुख्य नियमांतच आला आहे आणि त्यानुसार त्यांना दिशा धरून देण्यासाठी सहायकाची मदत घेता येते.

खेळ थांबवून डॉक्टरांकडे केव्हा जावे

चेंडू अंगावर येत असल्याचा इशारा देणारी “फोर” अशी हाक ऐकू आली तर वर पाहू नये. पाठ वळवून, वाकून, दोन्ही हातांनी डोके आणि चेहरा झाकावा. डोळ्याला चेंडू किंवा क्लब लागला असेल तर डोळा दाबू किंवा धुऊ नये, वर कडक आवरण धरून थेट रुग्णालय गाठावे, दिसत असले तरीही. बंकरमधील वाळू डोळ्यात गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावे आणि खुपणे थांबले नाही तर दाखवावे. फवारणीचे रसायन गेले असेल तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन मग डॉक्टरांकडे जावे.

अचानक विजेसारख्या चमका दिसणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे किंवा नजरेवर एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे असू शकतात आणि उणे नंबर मोठा असलेल्यांमध्ये त्यांची शक्यता अधिक असते. डोळा तीव्रतेने दुखून दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा अचानक दिसू लागणे यांतही वाट पाहू नये. अशा वेळी उरलेले होल सोडून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला द्यावी.